दोन थापा

माझा मुलगा एकशे अठरा किलोचा आहे आणि घरात आम्ही त्याला बारक्या म्हणतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मध्येच कोणी दात काढायला नकोत. जन्मला तेव्हा तो खरंच बारका होता, माझ्या दोन तळव्यांत मावून वर जागा उरायची. नाव पडलं ते पडलं. आता दारातून येताना तो आधी एक खांदा आत आणतो, मग दुसरा, तरी तो बारक्याच. बाहेर त्याला ‘डोंगर’ म्हणतात. सामन्याआधी तो माईकवाला ‘डोंऽऽगर’ असा काही गळा फाडतो की एकदा आमच्या ह्यांचं ऐकायचं यंत्र कानातून निसटून पायाशी पडलं होतं.

बारक्या पिंजऱ्यात लढतो. जाळीचा आठकोनी पिंजरा, आत दोन माणसं आणि एक पंच. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. त्यात कुस्ती आली, बुक्के आले, लाथा आल्या, गळा आवळणं आलं, सांधे पिरगाळणं आलं. बारक्याचा वजनगट सगळ्यात वरचा. एकशे वीस किलोपर्यंत चालतं, त्यापुढे गेलात तर दुसरा धंदा बघा. अकरा वर्षं तो हे करतो आहे. शेजारच्या शिंपीणबाईंचा मुलगा कुठल्याशा कचेरीत ‘समन्वय’ बघतो. समन्वय म्हणजे काय, हे त्यांना सहा वर्षांत मला सांगता आलेलं नाही. माझा मुलगा काय करतो ते मी एका श्वासात सांगते: समोरच्याला खाली पाडतो आणि उठू देत नाही.

मी शाळेत चारच यत्ता गेले. पण एखाद्याचं काम चोख आहे की नाही हे ओळखायला चारही जास्त झाल्या. बारक्या सकाळी हाताला पट्टी बांधतो ती बघत राहावी. मनगटावरून, बोटांच्या फटीतून, पुन्हा मनगटावर, कुठे सुरकुती म्हणून नाही. एवढ्या निगुतीने मी कधी साडी नेसले नाही. बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसतो आणि आतून हाक मारतो, “आई, पंखा लाव गं.” गादीवर घासून घासून त्याच्या दोन्ही कानांचा फ्लॉवर झालाय. भाजीवाल्याकडे फ्लॉवर निवडताना मला भरून येतं. भाजीवाला समजतो, भाव ऐकून रडते.

आता थापांकडे येते.

तोंडात घास असताना बोलायचं नाही, हा माझ्या घरातला नियम. बारक्या चार वर्षांचा असताना ‘अजून भात’ म्हणायला गेला आणि तोंडातला सगळा भात ह्यांच्या नव्या सदऱ्यावर. त्या दिवशी मी सांगितलं, तोंड भरलेलं असलं की गप्प बसायचं. मी ‘आणखी?’ म्हणून विचारेन. हवं असेल तर टेबलावर दोन थापा मारायच्या. थप, थप. मी वाढेन. तीस वर्षं आमच्या घरात हे असंच चाललंय. मी डाव हातात घेऊन उभी, ‘आणखी?’, थप थप, की पडला डाव ताटात. घरात दोन प्रकारचे डाव: एक माझ्या हातातला आणि दुसरे ते त्याच्या कामातले. माझा डाव आजवर कोणाला उलटवता आलेला नाही. सून नवीन होती तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “आई, दार कोण वाजवतंय?” मी म्हटलं, “भूक.”

बाहेरच्या जगात दोन थापांचा अर्थ अगदी उलटा आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पिंजऱ्यात गळा आवळला, श्वास कोंडला, की हरणारा गादीवर थापा मारतो. म्हणजे पुरे, सोड, मी हरलो. बारक्याने अकरा वर्षांत सामन्यात एकही थाप मारली नव्हती. तालमीत कोणी फारच आवळलं तर तोंडाने ‘सोड’ म्हणायचा. त्याच्या हाताला थाप म्हणजे माझं स्वयंपाकघर, दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

तर मागच्या वर्षी त्याचे दिवस फिरले. एक सामना डोळा सुजून बंद झाला म्हणून गेला, दुसरा गुणांवर गेला. सामने भरवणाऱ्या कंपनीने कळवलं, ओळीने तिसरा हरलात तर करार संपला. चौतीस वर्षांच्या माणसाला दुसरी कंपनी घेत नाही. म्हणजे करार संपला की डोंगर संपला. तिसरा सामना होता ‘रणगाडा’ नावाच्या माणसाशी. नावावरून काय ते समजा.

मी घरी टीव्हीसमोर होते. दुसऱ्या फेरीत बारक्याने त्याला खाली घेतलं आणि वर बसला. त्या रणगाड्याने खालून बारक्याची मान काखेत धरली, पण सैल. बारक्या नंतर म्हणाला, “आई, तू मफलर गुंडाळतेस ना, त्याहून सैल.” तो जरा दम खात होता. बाहेरून त्याचे वस्ताद ओरडले, “दम आहे का रे? आणखी? आणखी?”

आणि बारक्याच्या तोंडात दातांचं रबरी कव्हर. तोंड भरलेलं. कानावर ‘आणखी?’.

थप, थप.

पंच वाघासारखा झेपावला. घंटा वाजली. रणगाड्याला स्वतःलाच कळेना आपण कशाने जिंकलो. बारक्या गुडघ्यावर बसून इकडे तिकडे बघतोय, जसं काही ताटात कोणीतरी वाढायचं राहिलंय. आणि मी? खोटं कशाला सांगू, मी डाव आणायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे हेडक्लार्क भाऊजी वर आले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण खिशाला अजून दोन पेनं असतात. ते म्हणाले, “वहिनी, रडताय कशाला? खेळ मंडळाकडे एक साधा अर्ज टाकायचा. निकाल रद्द करा म्हणून. दोन ओळींचं काम.”

‘साधं’ या शब्दाची मला धास्तीच आहे. ह्यांनी एकदा ‘साधाच आहे’ म्हणून नळ उघडला होता, तेव्हा तीन मजले भिजले.

खेळ मंडळाच्या कचेरीत चौथ्या खिडकीवर चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस होता. चष्मा डोळ्यांवर कधी आणायचा हे बहुधा वरून आदेश आल्याशिवाय ठरत नसावं. मी सगळं सांगितलं. त्याने लिहायला घेतलं आणि मोठ्याने म्हणाला, “सदर खेळाडूने थाप मारली.”

“ओ! माझा मुलगा थापा मारत नाही.”

“बाई, चित्रफीत आहे. दोन थापा मारल्या.”

“हाताने मारल्या! तोंडाने एक नाही. विचारा कुणालाही.”

“फॉर्मात शब्द तोच आहे. थाप मारली, हो किंवा नाही.”

“मग लिहा, खरी थाप मारली.”

“खरी थाप म्हणजे काय?”

“खोटी नसलेली.”

मागच्या रांगेत दोन तट पडले. एक आजोबा म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, माणसाच्या नावाला डाग लागतो. एक बाई म्हणाल्या, माझी गाडी चुकेल. सून माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाली, “आई, आपण ‘हस्ताघात’ लिहू या का?” ती चष्म्याच्या दुकानात आहे, तिला बारीक अक्षरांचं वळण आहे. शेवटी ‘दोन हस्ताघात’ असं ठरलं. त्यावर खिडकीवाला म्हणाला, या हस्ताघातांचा तुमच्या घरी वेगळा अर्थ आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर घराबाहेरच्या साक्षीदाराचं लेखी निवेदन लागेल आणि जेवतानाची चित्रफीत लागेल. मुदत तीस दिवस.

साक्षीदार म्हणून शिंपीणबाईंना गळ घातली. भिंतीला भिंत लागून. तीस वर्षं सगळं ऐकलंय त्यांनी. त्या म्हणाल्या, “काकू, मी आपल्या मनाने लिहिते. मनापासून लिहिलेलं पोचतं.” काय पोचलं ते ऐका. ‘पलीकडच्या घरातून रोज जेवणाच्या वेळी थापांचे आवाज येतात. पूर्वी हलके यायचे, मुलगा मोठा झाल्यापासून भिंत हादरते. आम्ही शेजारधर्म म्हणून कधी तक्रार केली नाही.’

खिडकीवाल्याने या वेळी चष्मा डोळ्यांवर आणला. एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग फार हळू आवाजात म्हणाला, “काका, घाबरू नका. असल्या तक्रारींसाठी समोरच्या इमारतीत नववी खिडकी आहे.”

आमचे हे ऐकायचं यंत्र घरी विसरून आले होते. ते म्हणाले, “हो, हो, रोज. सवय झाली आता.”

उभ्या आयुष्यात माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. मी पाच फूटही नाही. एकशे अठरा किलोच्या मुलाला आणि त्याच्या बापाला दोन वेळ बडवायचं म्हणजे मला पिंजऱ्यात करार मिळायला पाहिजे. हेडक्लार्क भाऊजींनी मग ते निवेदन दुरुस्त केलं. म्हणजे अकरा पानी केलं. त्यात ‘थापा’ हा शब्द एकदाच होता आणि ‘उपरोक्त’ एकोणतीस वेळा.

चित्रफितीचं तर विचारूच नका. सुनेने फोन समोर धरला तर बारक्या लाजला. सगळा वेळ चमच्याने जेवला, एकही थाप नाही, आणि अर्ध्या पोटी उठला. भल्याभल्यांच्या बुक्क्यांना लाजत नाही, कॅमेऱ्याला लाजतो. मग फोन फ्रिजवर, पावाच्या पुड्यामागे लपवला. ते काम ह्यांच्याकडे दिलं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त पुडाच आला. दुसऱ्या दिवशी जमलं. एका जेवणात चौदा वेळा थप थप, चौदा वेळा माझा डाव. सुनेने ती चित्रफीत मंडळाला पाठवली आणि कौतुकाने दुकानातल्या एका मैत्रिणीलाही पाठवली. मैत्रिणीने तिच्या मैत्रिणीला पाठवली. रविवारपर्यंत ती अख्ख्या गावाच्या फोनात होती.

डोंगर नाव मागे पडलं. लोक त्याला ‘वाढा-वाढा’ म्हणायला लागले. तो रस्त्याने चालला की दुकानदार फळीवर दोन थापा मारायचे. न्हाव्याने खुर्चीच्या दांडीवर मारल्या. तो हसायचा. बारक्या कुणावर चिडत नाही; त्याचं चिडणं कामासाठी राखून ठेवलेलं असतं. पण एक दिवस तालमीतून आला, पट्ट्या सोडत बसला आणि मान वर न करता म्हणाला, “आई, अकरा वर्षं केलं ते सगळं जाऊन लोकांना माझं एवढंच आठवणार का गं?”

मी त्याच्या सुटलेल्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. नियम माझा होता. थापा मी शिकवल्या होत्या.

सुनावणीला मी अंडी घेऊन गेले. उकडलेली, चोवीस. मंडळाने कळवलं होतं, गरज पडल्यास प्रात्यक्षिक घेण्यात येईल. प्रात्यक्षिक उपाशी पोटी कसं होणार? लांब टेबलामागे तीन जण. मधले अध्यक्ष, जुने मुष्टियोद्धे, नाक दोन ठिकाणी वाकलेलं. त्या नाकाकडे बघून मला जरा धीर आला. हा माणूस कागदातून आलेला नाही. मी सगळ्यांपुढे कागदी ताटल्या मांडल्या. अध्यक्ष म्हणाले, “हे काय आहे?” मी म्हटलं, “पुरावा.” आणि प्रत्येकाला एक-एक अंडं वाढलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. कंपनीचा वकील म्हणाला थाप ती थाप. वस्ताद ओरडले, वस्तादांना हळू बोलता येत नाही. हेडक्लार्क भाऊजी उपरोक्त वाचायला उभे राहिले. शिंपीणबाई म्हणाल्या, मी मूळचं लिहिलं होतं तेच बरं होतं. अध्यक्षांनी वैतागून टेबलावर हात आपटला. थप, थप! “शांत बसा!”

मी उठले आणि त्यांच्या ताटलीत अंडं वाढलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. “बाई, हे कशाला?”

“तुम्हीच मागितलंत.”

“मी? मी शांतता मागितली.” आणि जोर देऊन सांगायला त्यांनी पुन्हा हात आपटला. थप, थप.

तुम्हाला वाटेल मी मुद्दाम केलं. शपथेवर सांगते, मला कळायच्या आत तिसरं अंडं ताटलीत होतं. अध्यक्षांनी ताटलीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, बारक्याकडे बघितलं. मग मुद्दाम, अगदी हलक्या बोटांनी, टेबलावर दोनदा टकटक केलं. माझा हात डब्यात गेला होता, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

“पटलं,” ते म्हणाले. “हे थेट हातातच भिनलंय.”

निकाल मात्र बदलला नाही. पंचाने पाहिली ती थाप, थापच. पण करार मोडण्याआधी याच रणगाड्याशी पुन्हा एक सामना द्यावा, अशी त्यांनी शिफारस केली. कंपनी एका पायावर तयार झाली. चित्रफितीमुळे वाढा-वाढाला बघायला अख्खं गाव येणार होतं. अट एकच. “पुन्हा थाप मारली, तर घरगुती अर्थ ऐकून घेतला जाणार नाही. सात आठवडे आहेत. सवय मोडा.” जाताना अध्यक्षांनी तिन्ही अंडी खाल्ली, मीठ मागून घेतलं.

सवय मोडा. दोन शब्द. शिंपीणबाईंनी कापूस भरून जाड पंजे शिवून दिले. बारक्या ते घालून जेवायला बसला. आवाज थप थपचा धप धप झाला एवढंच. टेबल काढून टाकलं, तर मांडीवर मारायला लागला. दोन्ही हातांत चमचे दिले, तर चमच्यांनी वाजवलं; ह्यांना वाटलं बँड आला. वस्ताद म्हणाले, “ताई, तुम्ही विचारूच नका आणखी म्हणून.” मी विचारलं नाही. तरी थप थप.

मग मी माझ्या जिवावर येईल तेच केलं. थाप मारली की वाढायचं नाही. तो थप थप करायचा आणि मी पाठ फिरवून ओट्याशी उभी राहायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. मागे तो एवढा मोठा माणूस रिकाम्या ताटापुढे गप्प बसलेला. तीस वर्षांत मी त्याला एकदाही उपाशी उठवला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात तो एकशे अकरावर आला. वस्ताद जिना चढून वर आले आणि दारातूनच गरजले, “ताई! मला डोंगर पाहिजे! टेकडी घेऊन काय करू?”

त्याच दुपारी बारक्याने जेवताना थाप मारायला हात उचलला, मारली नाही, आणि तो हात कुठे ठेवावा हे न कळून कानाची पाळी चोळत बसला. त्या फ्लॉवरची तेवढी पाळीच काय ती शाबूत आहे. मी झटकन डाव भरून वाढला. तो चमकला. मग पुन्हा पाळी ओढून बघितली. मी पुन्हा वाढलं. त्याच्या तोंडावर चार वर्षांचं पोर होतं ते आलं. सवय मोडायला गेलो तर मोडत नव्हती. तिला दुसरी जागा दिली तर ती निमूट उठून तिकडे बसली. एरवी माणूस कानाला हात लावतो तो ‘पुन्हा नाही’ म्हणायला. आमच्या घरी ‘पुन्हा हवं’ म्हणून लावायला लागले. चार आठवड्यांत सुनेलाही सवय झाली; दुकानात गिऱ्हाइकाने चष्मा लावताना कानाला हात लावला की ती विचारते, “आणखी काही?” वजन एकशे सतरावर आलं.

सामन्याला मी स्वतः गेले. पहिल्यांदाच. तिसरी रांग, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. एका बाजूला हे, यंत्र घट्ट धरून. दुसऱ्या बाजूला हेडक्लार्क भाऊजी. माईकवाल्याने ‘डोंऽऽगर’ म्हटलं आणि चार हजार माणसांनी खुर्च्यांच्या हातांवर दोन-दोन थापा मारल्या. मी पिशवी घट्ट आवळून बसले. नाहीतर चार हजारांना वाढायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

टीव्हीवर तो लहान दिसतो, हे मला तिथे कळलं. पिंजऱ्यात माझा बारक्या चालत होता तो अगदी सावकाश, घरातल्या वस्तूंना धक्का लागू नये म्हणून चालतो तसा. पहिली फेरी त्याची. दुसऱ्या फेरीत एक बुक्का असा बसला की त्याचा गुडघा टेकला, आणि रणगाड्याने समोरून मान काखेत धरली. तीच मान, तीच काख. पण या वेळी मफलर नव्हता. बारक्याचं तोंड आधी लाल झालं, मग कसलंतरी झालं. पंच गुडघ्यावर बसून त्याच्या हाताकडे बघायला लागला.

वस्तादांना सात आठवडे बजावलं होतं, तो एक शब्द तोंडातून काढायचा नाही. पण माणूस कळवळला की सगळं विसरतो. जाळीला लटकून ते ओरडले, “दम आहे का रे? आणखी? आणखी?”

बारक्याचा उजवा हात वर उठला. पंजा उघडा. खाली गादी.

वस्तादांनी स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबलं, फार उशिरा. हात खाली यायला लागला. मी त्या हाताला ओळखते. तो कुठे निघाला की माझ्या हाताला आधी कळतं. गादीपासून चार बोटांवर तो थांबला. आणि तिथून वळून वर गेला आणि त्याने कानाची पाळी धरली.

“संपलं, वहिनी!” हेडक्लार्क भाऊजी म्हणाले. “कानाला हात लावला!”

मी खुर्चीवर उभी राहिले. पाच फूटही नसलेल्या बाईने आणखी काय करायचं? “वाढते रे!” मी ओरडले. “वाढते! ऊठ!”

त्याने ऐकलं की नाही देव जाणे. पण तो उठला. मानेला रणगाडा लटकलेला, एकशे पंधरा किलोचा, तसाच घेऊन उठला. आधी एक पाय रोवला, मग दुसरा, दारातून येतो तसा, आणि सरळ उभा राहिला. मी आयुष्यात खूप ओझी उचललेली माणसं बघितली आहेत. इतकं नीट उचललेलं ओझं बघितलं नव्हतं. मग त्याने ते गादीवर टाकलं. पकड सुटली. त्याचा श्वास आत गेलेला मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. पुढचं फार लवकर झालं: रणगाडा पालथा, बारक्या त्याच्या पाठीवर, हात गळ्याखाली. आणि रणगाड्याने बारक्याच्या दंडावर हात मारला. थप, थप.

पंच झेपावला. घंटा वाजली. ह्यांचं यंत्र पुन्हा पायाशी पडलं. आणि मी खाली बघितलं तर माझ्या डब्याचं झाकण अर्धं उघडलेलं होतं. काय करणार? पोराने मागितलं होतं. नंतर आत जाऊन मी त्या रणगाड्याला दोन अंडी दिलीच. सभ्य मुलगा आहे, तोंडात घास असताना बोलला नाही.

माईकवाल्याने बारक्याला विचारलं, “हरता हरता कानाला हात का लावलात?” बारक्याने दातांचं कव्हर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “भूक होती.” त्या दिवसापासून तो पुन्हा डोंगर झाला. कंपनीने करार वाढवला. खेळ मंडळाने फॉर्म बदलला. आता चौदावा रकाना आहे, ‘खेळाडूच्या घरगुती खुणा, असल्यास.’ हेडक्लार्क भाऊजी म्हणतात तो त्यांच्या उपरोक्तमुळे आला. म्हणू देत. रकाना माझा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. बारक्याचा जबडा सुजलेला, हळूहळू चावत होता. मी डाव घेऊन उभी. “आणखी?” त्याने पाळी ओढली. वाढलं. “आणखी?” पुन्हा पाळी. असं नऊ वेळा झालं. दहाव्यांदा विचारलं तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि टेबलावर हात ठेवला.

थप, थप.

सून पुढे सरसावली, जुन्या सवयीने. मी तिचं मनगट धरलं. “थांब. त्या थापा नाहीत या. पोट भरलंय त्याचं.”

बारक्याने मान हलवली. चौतीस वर्षांत माझ्या मुलाचं पोट भरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. ‘पुरे’ म्हणतोय, आणि तेही सगळ्या जगाला कळेल अशा भाषेत. मला बरंही वाटलं आणि जरा रागही आला. दोन थापा पडल्या की थांबायचं, हा नियम पंचांसाठी आहे.

मी काही पंच नाही. मी डाव भरला आणि वाढला.